कूलरसमोरची चप्पल

असोद्याला माझ्या बहिणीच्या घरी कूलरसमोर निळ्या रबरी चपलांचा एक जोड असतो. तो घरातल्या कुणाच्याच पायाचा नाही. कूलरमध्ये पाणी भरायचं, जाळी पुसायची, बटण फिरवायचं, काहीही करायचं झालं तरी आधी तो जोड पायांत सरकवायचा. काम झालं की पुन्हा तिथेच काढून ठेवायचा. पाहुणा आला की त्याला पाण्याचा तांब्या देतात, खुर्ची देतात आणि सांगतात, कूलरला हात लावायचा असेल तर चप्पल घाला. कूलर दुरुस्त करा, असं कुणी सांगत नाही.

यंदा आखाजीच्या तोंडावर मी खानदेशात गेलो, तो या चपलांमुळे. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात आणि तिथे तिचा मान दिवाळीइतका असतो. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, खापरावर मांडे भाजले जातात. मुलीला आणायला माहेरचं माणूस जातं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझी भाची वैशाली शिंदखेड्याला दिलेली आहे. या वर्षी तिने आईला फोन करून सांगितलं, आखाजीला येणार नाही. कारणही सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलीने, तीन वर्षांच्या स्वराने, अनवाणी पायांनी असोद्याच्या याच कूलरची जाळी धरली होती. पोर फेकली गेली म्हणून वाचली. बराच वेळ तिच्या तोंडून आवाज फुटला नव्हता.

वैशालीच्या वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, हे कारण अपमानाचं वाटलं. करंटसाठी कुणी माहेर सोडतं का, असं ते गावभर विचारत होते. बहिणीने, अक्काने, मला फोन केला. "भाऊ, औंदा मुऱ्हाळी तू जाय. तुह्यं ऐकते ती."

मी नाशिकला राहतो. नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली. कूलरचा शॉक लागून मृत्यू ही बातमी दर उन्हाळ्यात येते आणि तिच्या मथळ्यात 'दुर्दैवी' हा शब्द हमखास असतो. या प्रवासात मी जे पाहिलं, त्यात दैवाचा भाग कुठेही आढळला नाही.

चाळीसगाव

वाटेत चाळीसगावला एका जुन्या मित्राकडे उतरलो. दुपारी पोचल्यावर अंघोळीला गेलो, गार पाण्याचा नळ सोडला आणि हात मागे घेतला. गच्चीवरच्या काळ्या टाकीत पाणी सकाळपासून तापत होतं. "त्या नळाला हात लावू नका," मित्र बाहेरून ओरडला, "बादलीत पहाटेचं भरून ठेवलंय, ते घ्या." खानदेशात उन्हाळ्यात गार पाणी नळातून येत नाही, ते पहाटे साठवावं लागतं. गीझर त्यामुळे बंद होता, पण त्याचं बटण न्हाणीतच होतं, शॉवरखाली उभं राहून कोपर लागेल इतकं जवळ. बटणाच्या पाटीवर पाण्याचे ओघळ वाळून पांढरे झाले होते.

गेला हिवाळा मी इंग्लंडात लीड्सला मुलीकडे काढला. तिने एक जुनं घर घेतलं होतं आणि त्याची वायरिंग आणि नळाचं काम माझ्या डोळ्यांसमोर नव्याने झालं. तिथे न्हाणीत बटण नसतं. छतातून एक दोरी लोंबते. ती ओढली की दिवा लागतो, कारण ओल्या हाताने दोरी ओढली तर काही होत नाही. प्लगच्या पोटात फ्यूज असतो. सॉकेटची भोकं झाकलेली असतात. अर्थिंगचा लांब पाय आत गेल्याशिवाय उघडत नाहीत. आपला तीन पायांचा प्लग हा त्यांच्याच जुन्या प्लगचा वंशज आहे. वरचा जाड पाय कशासाठी, हे त्यांनी लक्षात ठेवलं. आपण त्या भोकात पेन खुपसून झाकण उघडतो आणि खाली दोन पायांचा प्लग बसवतो.

इंग्रजांचं सगळंच शहाणपणाचं, असं नाही. त्या घरात तोंड धुवायला दोन वेगळे नळ होते. एकातून बर्फ, दुसऱ्यातून वाफ. मधलं पाणी ज्याने त्याने ओंजळीत करून घ्यायचं. न्हाणीला मोरी नव्हती आणि जमिनीवर चक्क गालिचा होता. मी पहिल्याच दिवशी सवयीप्रमाणे तांब्याने अंघोळ केली आणि खालच्या खोलीच्या छताला डाग पडला. पण त्या घरात कुठल्याही नळाला हात लावताना भीती वाटली नाही. पाण्याच्या तांब्याच्या पाइपला हिरव्या-पिवळ्या वायरचा एक पट्टा आवळलेला होता आणि त्यावर पत्र्याची चिठ्ठी होती: ही सुरक्षेची जोडणी आहे, काढू नका. प्लंबरने पाइप बदलला, तेव्हा तो पट्टा आधी नव्या पाइपवर चढवला, मगच पाणी सोडलं.

चाळीसगावच्या मित्राला विचारलं, तुमच्या कूलरला करंट येतो का? "येतो थोडासा," तो म्हणाला. हा शब्द मी पुढे सगळीकडे ऐकणार होतो.

असोदा

जळगावहून असोद्याची बस भरलेली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा होत्या. उन्हाच्या झळा अडवायला कडेने हिरव्या जाळ्या आणि शेवरीची झाडं लावलेली. केळीच्या खोडाला ऊन लागू नये म्हणून इतकी काळजी घेणारं हे गाव आहे, हे पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी लक्षात ठेवावं.

नाना ओट्यावरच बसले होते. "या इंग्लंडवाले," ते म्हणाले. "कूलर थंडा हाये, पन चप्पल घाला. थंड्या मुलखातून तुमचे पाय नाजूक व्हऊन आले असतीन."

अक्काने भरीत केलं होतं. हिरव्या वांग्यांचा हंगाम सरला होता, तरी तिने कुठून तरी मिळवली होती. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, बडजीत, म्हणजे कोरलेल्या लाकडी भांड्यात, ठेचलेली मिरची, कांद्याची पात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. गच्चीवर गल्लीतल्या बायकांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते. मी जेवत होतो आणि कूलर गुरगुरत होता. त्याचं सगळं अंग लोखंडी पत्र्याचं आहे, पायही लोखंडी, आणि खाली कायम पाणी सांडलेलं असतं.

जेवण झाल्यावर मी पिशवीतून टेस्टर काढला आणि कूलरच्या पत्र्याला टेकवला. आतला छोटा दिवा लाल झाला. मग फ्रिजच्या दाराला टेकवला. तिथेही लागला. कपडे धुवायच्या मशीनला लागला. न्हाणीत गेलो आणि गीझरखालच्या स्टीलच्या नळाला टेकवला. तिथेही लागला.

"त्या नळाले मुंग्या येतात," अक्का म्हणाली. "म्हनून मी पाटावर बसून आंघोळ करते. लाकडाचा पाट हाये, काही होत नही."

"कधीपासून?"

"नवी न्हाणी बांधली तधीपासून."

कारण समजायला कठीण नाही. घरातल्या प्रत्येक सॉकेटला तिसरी, हिरवी वायर होती. या वायरी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि शेवटी जमिनीत जायला हव्यात. त्या जमिनीत गेल्या नाहीत, तर कूलरमध्ये सुटलेला करंट हिरव्या वायरीतून फ्रिजमध्ये, मशीनमध्ये आणि न्हाणीतल्या नळात फिरतो आणि कुणाच्या तरी पायांतून जमिनीत उतरायची वाट पाहतो. जीव वाचवायला टाकलेली वायर, वाट तुटली की धोका घरभर पोचवते.

मी हे नानांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थोडासाक येतो. त्यानं काय होते? रगत फिरते."

"नाना, स्वरा फेकली गेली होती."

"लहान लेकरू हाये. घाबरलं." मग त्यांचा आवाज चढला. "अन् दोष माह्या घराचा नही. वायरिंग करनाऱ्या त्या धुळ्याच्या रशीदचा हाये. मस्कतले होता म्हने. मस्कतचा करंट आनून असोद्यात सोडला त्यानं! मी सांगेल हाये साऱ्या गावाले, त्याले काम देऊ नका."

मीटरची पेटी पाहू, असं मी म्हणालो. तिला कुलूप होतं. किल्ली सापडत नाही, असं सांगून नानांनी विषय बदलला.

संध्याकाळी ते बादली घेऊन अंगणात निघाले. लिंबाच्या झाडाखाली विटांनी बांधलेला एक छोटा खड्डा आहे. हा घराचा अर्थिंगचा खड्डा. आत कोळसा, मीठ आणि जमिनीत खोल गेलेली लोखंडी पट्टी. माती कोरडी पडली की करंट जमिनीत मुरत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. हे ज्ञान खरं आहे आणि खानदेशातल्या जुन्या शेतकऱ्यांना विहिरीवरच्या मोटारींमुळे ते पक्कं ठाऊक आहे. नानांनी बादली सावकाश ओतली, धार थांबेपर्यंत पाहिलं, मूठभर खडेमीठ टाकलं.

"आमच्या बापानं पानी टाकलं, मी टाकतो," ते म्हणाले. "तुळशीले एखांद्या रोजी भूल पडली असीन, याले नही. आता सांगा, अर्थिंगमध्ये माही काय चूक हाये?"

खड्डा ओला होता आणि नळात करंट होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला नको होत्या.

धुळे

एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचली. वाटेत धाब्यावर शेवभाजी खाल्ली. लाल तर्रीचा पहिला घास गेल्यावर डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या प्रवाशाने न विचारता दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. या मुलखात माणसं एकमेकांची अशी काळजी घेतात. विजेच्या बाबतीत ती कुठे जाते, हे मला परतेपर्यंत कळलं नाही.

रशीदभाईंचं दुकान बाजारातल्या एका गल्लीत आहे. मोटारींचं वाइंडिंग, कूलरची दुरुस्ती, घरांची वायरिंग. साठीकडे झुकलेले, बोलके, मेंदी लावलेली दाढी. मी असोद्याचं नाव काढताच त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"नानांचे मेहुणे? बसा. चहा घ्या. मग भांडू."

बरीच वर्षं ते मस्कतला होते. तिथली गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. "एकदा किचनचा पॉइंट मी सिंकच्या जरा जवळ घेतला. इन्स्पेक्टर आला, फीत काढली, मोजलं, म्हणाला, भिंत फोडा. मालक रडला, मी रडलो. तो माणूस हसला पण नाही, साहेब. तिथं तीन वायर टाकल्या नाहीत तर मीटर लागत नाही. इथं तीन टाकल्या तर गिऱ्हाईक विचारतं, दोनात चालतं ना?"

"आणि इथं इन्स्पेक्टर कोण?"

"इथं उन्हाळा इन्स्पेक्टर. तो कागद मागत नाही. पेशंट घेऊन जातो."

मग त्यांनी नानांच्या घरी काय काय केलं ते सांगितलं. प्रत्येक सॉकेटला हिरवी वायर. हिरवी वायर पट्टीला, पट्टी खड्ड्याला. शिवाय मीटरजवळ ईएलसीबी, म्हणजे करंट कुठेही गळू लागला की क्षणात लाइट तोडणारी डबी. "ती डबी असताना पोरीला शॉक लागूच शकत नाही. बोट लागायच्या आत लाइट जाते. म्हणजे डबी तिथं नाही. पहिले पेटी खोला, मग माझं नाव घ्या."

"चला माझ्याबरोबर."

"कशाला येऊ? नानांनी गावात सांगितलं, रशीदच्या हाताला शॉक आहे. असोद्याचं एक काम येत नाही आता." त्यांनी पक्कड पुन्हा उचलली. "येतो. पण पेटी नानांनी स्वतः उघडायची. चार माणसांसमोर."

मी होकार दिला. चहाचा कप ठेवायला दुकानामागच्या त्यांच्या घरात डोकावलो, तर तिथे एक लोखंडी कूलर चालू होता. प्लग दोन पायांचा. सॉकेटच्या वरच्या भोकात अर्धवट मोडलेलं बॉलपेन. आणि कूलरसमोर लाल रबरी चपलांचा जोड.

मी रशीदभाईंकडे पाहिलं.

"घरचा मामला आहे, साहेब," ते म्हणाले. "थोडासा येतो. बेगमला सवय आहे."

अडाणीपणामुळे हे होतं, असं आपण नेहमी म्हणतो आणि जनजागृतीचे फलक लावतो. या माणसाला सगळं माहीत होतं. त्याच हातांनी मस्कतमध्ये भिंत फोडून पॉइंट हलवला होता. हात तेच, लोखंड तेच, वीज तीच. तिथे परक्याच्या घराला जो नियम लागला, तो इथे स्वतःच्या बायकोला लागला नाही, कारण तिला सवय होती. असोद्याचं काम करायला निघण्याआधी स्वतःच्या घराचा प्लग बदला, असं मी त्यांना सांगितलं. ते हसले. मी हसलो नाही.

शिंदखेडा

वैशालीच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे आणि दुपारी तीच तिथे बसते. मी गेलो तेव्हा स्वरा काउंटरवर बसून रिकाम्या खोक्यांची आगगाडी जोडत होती. वैशालीने मला पाहिलं आणि ओळखलं, मी कशाला आलो आहे.

"मुऱ्हाळी म्हणून आलात ना मामा? पाहुणचार घ्या, मांडे खा. मी येणार नाही."

घरी गेल्यावर तिच्या सासूबाईंनी आमरस वाढला आणि आपली बाजू मांडली. असोदा आणि शिंदखेडा यांत गावं फार नाहीत, पण बोली बदललेली असते. "आठे, आमना घरमा बी तिने तेच करं," त्या म्हणाल्या. "आमना लोखंडना कूलर भंगारमा दिना. आते हाऊ प्लास्टिकना डबा शे. वारा बी लागत नही."

"पण त्या कूलरला करंट होता ना?"

"व्हता. पण थोडासाच व्हता. चप्पल घालीसन पानी टाकूत आम्ही. बठ्ठा गाव तसंच करस."

वैशाली ताटं उचलत होती. ती थांबली. "मामा, नानांनी मला काय सांगितलं माहीत आहे? पोरीला चप्पल घालून ठेव. तीन वर्षांच्या पोरीला मी दिवसभर चप्पल घालू? झोपेतही घालू? आपल्या आजोळी ती ओट्यावर अनवाणी पळू शकत नाही, तर ते आजोळ कसलं?" तिचा आवाज शांत होता. "मला माहेर नको असं नाही. आईला जाऊन सांगा, दर आखाजीला मला झोक्याची स्वप्नं पडतात. पण मला माझी पोर पाहिजे."

रशीदभाई येणार आहेत, पेटी उघडणार आहेत, हे मी सांगितलं. तिने ताटं खाली ठेवली.

"येते. पण मी स्वतः अनवाणी उभी राहून त्या कूलरला हात लावीन. तोपर्यंत स्वरा माझ्या कडेवरून खाली उतरणार नाही. जमलं नाही तर त्याच गाडीने परत."

सासूबाई पुटपुटल्या, "कूलरसाठे इतला तमाशा." पण रस्त्यात खायला डब्यात मांडे त्यांनीच बांधून दिले.

पुन्हा असोदा

शिंदखेड्याहून जळगावपर्यंत रेल्वेने आलो. बाहेर नांगरून ठेवलेली काळी शेतं पावसाची वाट पाहत होती. अमळनेर गेलं, धरणगाव गेलं. स्वरा आईच्या मांडीवर झोपली. असोद्याच्या ओट्यावर अक्का भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिने तो दोघींवरून ओवाळून टाकला आणि नातीला घ्यायला हात पुढे केले.

"नको आई," वैशाली म्हणाली. "अजून नको."

अक्काचे हात तसेच राहिले. नानांनी मान फिरवली.

रशीदभाई आधीच येऊन लिंबाखाली बसले होते. गल्लीतली चार माणसं जमली होती, कारण नानांनीच मोठ्या आवाजात त्यांना बोलावलं होतं. "पाहा, आता सारं समोर येईन," ते म्हणत होते. किल्ली सुपारीच्या डब्यातून निघाली. पेटी उघडली.

ईएलसीबीची डबी पेटीत होती. ती एका कडेला लोंबत होती, तिच्यात एकही वायर नव्हती. तिच्यातून जाणाऱ्या वायरी बाहेर काढून एकमेकींना पिळल्या होत्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. याला खानदेशात 'डायरेक्ट करणं' म्हणतात.

"कुणी केलं, नाना?" रशीदभाईंनी विचारलं.

"गावातल्या वायरमननं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

नानांनी घाम पुसला. "अरे, दर घडीले लाइट जाये! कूलर लावला की खट्ट. गर्मीत मानूस मरून जाईन का नही? मी म्हनलं, कर डायरेक्ट."

म्हणजे ती डबी आपलं काम करत होती. कूलर बिघडला आहे, हे ती दर वेळी सांगत होती. सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं गेलं.

"बरं, डबी काढली," मी म्हणालो, "तरी खड्डा आहेच. मग करंट जमिनीत का जात नाही?"

रशीदभाई भिंतीवरून खाली येणाऱ्या पट्टीच्या मागे मागे गेले. पट्टी अंगणातल्या नव्या फरश्यांखाली शिरत होती. त्यांनी दोन फरश्या उचलल्या, कुदळीने माती ओढली. वीतभर खाली पट्टी संपली होती. करवतीने सरळ कापलेली. तिच्या जागी नव्या न्हाणीचा पांढरा प्लास्टिकचा पाइप आडवा गेला होता. पाइपाच्या पलीकडे पट्टीचं दुसरं टोक होतं. ते खड्ड्यात जात होतं. गंजलेलं, ओलं, मीठ खाल्लेलं. मधला तुकडा गायब होता.

"नळवाला म्हणे, ही पट्टी मधी येते," अक्का हळू आवाजात म्हणाली.

"मग?"

"हे म्हणे, काढ मग." तिने न्हाणीकडे बोट दाखवलं. न्हाणीच्या दाराला बाहेरून एक लोखंडी कडी होती, छान वाकवून ठोकलेली. "वाया कायले घालवा म्हनून त्यानं तिची कडी करून देली."

मला लीड्सचा तो पाइप आठवला आणि त्यावरची पत्र्याची चिठ्ठी. तिथे दोन कारागीर एकमेकांना कधी भेटले नव्हते. एकाने दुसऱ्यासाठी निरोप बांधून ठेवला होता. इथे एकाच अंगणात एकाने दुसऱ्याचं काम कापलं, मालकाने हो म्हटलं आणि उरलेल्या तुकड्याची कडी करून घेतली. गेल्या उन्हाळ्यापासून नाना जे पाणी न चुकता ओतत होते, ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"नाना," रशीदभाई म्हणाले, "झाड केव्हाच तोडलं, आळ्याला पाणी मात्र चुकलं नाही."

एरवी नाना कुदळ घेऊन धावले असते. ते खड्ड्याच्या विटेवर बसले. वैशालीच्या कडेवरून स्वरा त्यांना पाहत होती. "आजोबा, तुम्ही पडले का?" तिने विचारलं.

कडी काढली गेली. जुनी पट्टी फेकून नवी घातली, पाइपाला वळसा देऊन खड्ड्यापर्यंत नेली. डबी जागेवर बसली. कूलर लावला. खट्ट. लाइट गेली. पुन्हा लावला. खट्ट.

"पाहा!" नाना उठून उभे राहिले. "हेच होये! म्हनूनच काढलं!"

रशीदभाईंनी कूलर उघडला. पाण्यात बुडालेला छोटा पंप वर काढला. त्याच्या वायरचा जोड पाण्याखाली होता आणि त्याला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक बांधलं होतं, वर दोरा. हे कुणी बांधलं, हे त्यांनी विचारलं नाही. नानांनीही सांगितलं नाही.

नवा पंप जळगावहून दुसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत खिडकीला ओलं गोणपाट लावून सगळे घामाने निथळत बसले, आणि स्वरा कडेवर. वैशाली तिला घेऊन जेवली, तिला घेऊनच गल्लीत हिंडली. अक्काने एकदाही हात पुढे केले नाहीत.

आखाजीच्या सकाळी पंप बसला. बटण फिरवलं. कूलर गुरगुरला आणि गुरगुरत राहिला. डबी गप्प होती. मी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. नळाला लावला, लागला नाही. वैशालीला एवढं पुरेसं नव्हतं. तिने चपला काढल्या, कूलरखालच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि मोकळा तळहात पत्र्यावर ठेवला. नाना दारात उभे होते. तिने हात काढला नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताने स्वराला खाली सोडलं.

पोर सरळ ओट्यावरून अंगणात पळाली. अक्का चुलीकडे गेली आणि खापरावर मांडा टाकून पदराने डोळे पुसत राहिली. धुरामुळे, असं तिने सांगितलं. नानांनी ऑइलपेंटचा डबा काढला आणि भिंतीवर, पट्टीच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ही पट्टी कुणीही काढू नये. निळ्या चपला त्यांनी उचलून अंगणाच्या कोपऱ्यात फेकल्या.

दुपारी समोरच्या शोभाबाई पितरांच्या घागरीची पूजा आटोपून आल्या. मुलींचा झोका त्यांच्याच दारच्या झाडाला बांधला होता. बोलता बोलता त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं.

"अक्का, ह्या चपला तुम्हाले लागत नसतीन तर मले द्या. आमच्या कूलरच्या झिजल्या."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. नाना पुढे झाले. "चप्पल नको नेऊ, शोभा. तुह्या घराचा अर्थिंगचा खड्डा कोठी हाये, ते सांग आधी."

"कसला खड्डा?"

"पेटीत ती लाइट तोडायची डबी हाये का?"

"नाना, आमच्याकडं थोडासाच येतो," शोभाबाई हसून म्हणाल्या. "तुमच्यासारखा नही."

त्यांनी चपला उचलल्या, नळाखाली धुतल्या आणि घेऊन गेल्या. तेव्हाच स्वरा झोक्यासाठी त्यांच्या ओट्याकडे धावत निघाली. वैशालीने जागेवरूनच हाक मारली. पोर थबकली, मागे वळली. वैशाली उठली, रस्ता ओलांडून गेली आणि तिला पुन्हा कडेवर घेतलं.